चाळीस मिनिटांचं माहेर

कनिशायचं लग्न विमानाच्या वेळापत्रकावर ठरलं, असं ती स्वतःच हसत सांगायची. ती दक्षिणेतल्या ओशजवळच्या एका गावातली, सागिन आमच्या उत्तरेतल्या बिश्केकचा. दोघं भेटले ते आमच्या शिवणाच्या कारखान्यात. ती कॉलर शिवायची, तो कापडाचे तागे आणून टाकायचा. तागे टाकता टाकता तो तिच्याच मशीनपाशी का रेंगाळतो, हे आम्हां बायकांना त्याच्याआधी कळलं होतं.

सागिनचे वडील मागणी घालायला दक्षिणेत गेले, तेव्हा कनिशायच्या आईनं, उलकान आपांनी, सरळ नकार दिला.

"उत्तरेत मुलगी द्यायची नाही. मध्ये दोन घाट. बर्फ कोसळला की रस्ता बंद. मी आजारी पडले तर पोरगी येणार कधी, मी मेल्यावर, माझ्या वर्षाच्या जेवणाला?"

सागिनचे वडील बोलण्यात वस्ताद. म्हणाले, "विहीणबाई, रस्त्यानं येतंय कोण? आता विमानं आहेत. चाळीस मिनिटं! तुम्ही चहा ओता, तो निवायच्या आत पोरगी दारात."

"मी चहा गरमच पिते," उलकान आपा म्हणाल्या. पण हे चाळीस मिनिटांचं प्रकरण त्यांच्या मनात बसलं. शेजारणीची मुलगी पलीकडच्या खोऱ्यात दिलेली, तिला यायला अर्धा दिवस लागायचा. त्या मानानं हे बरंच की. त्यांनी होकार दिला आणि पुढं गावभर सांगत सुटल्या, "माझी लेक चाळीस मिनिटांवर आहे."

त्या चाळीस मिनिटांत काय काय धरलेलं नाही, ते कनिशायला लग्नानंतर कळलं. विमानतळावर जायला लागतो तो वेळ त्यात नाही. ओशला उतरून गावापर्यंत जायचं, तेही नाही. तिकीट परवडायला लागतं, ते तर नाहीच. इतकी वर्षं ती भाड्याच्या मोटारीत चौघा अनोळखी माणसांबरोबर कोंबून, दोन्ही घाट चढून-उतरून जायची. मुलगी घाटात ओकायची, मुलगा ती ओकली म्हणून ओकायचा. ती पोचली की आई म्हणायची, "चाळीस मिनिटांवर राहतेस आणि वर्षातून एकदा तोंड दाखवतेस."

आणि उलकान आपांची आणखी एक खोड होती. लेक बरेच दिवस आली नाही की त्या मरायला टेकायच्या. फोन यायचा, "आई गेल्यातच जमा आहे, लवकर ये." कनिशाय रडत, हातातलं काम टाकून धावायची. एकदा पोचली तर आई मोठ्या कढईत पलाव ढवळत होती. एकदा तर जर्दाळूच्या झाडावर चढून बसलेली, खालून सून ओरडतेय, "आपा उतरा, हाड मोडेल!" आणि वरून आपा म्हणतायत, "मोडलं तर लेक येईल तरी."

कनिशाय हे सगळं मशीन चालवत चालवत आम्हाला सांगायची, आईचा आवाज काढून. आम्ही हसून हसून शिवण वाकडी करायचो.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. त्या दिवशी सकाळी सागिन कारखान्यात आला. आता तो आमचा तयार माल बाजारात पोचवतो, त्यामुळे त्याच्या येण्यात नवल नव्हतं. पण तो आत आलाच नाही. दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला आणि आमच्या मालकिणीला, चोल्पोनला, खुणेनं बाहेर बोलावलं. चोल्पोन परत आली आणि माझ्या मशीनपाशी वाकून, जणू बाहीची शिवण तपासतेय अशी, म्हणाली, "उलकान आपा गेल्या. पहाटे. तिला कळू द्यायचं नाही."

आमच्यात मेल्याची बातमी अशी दारात उभं राहून कोणी देत नाही. 'जरा बरं नाही, ये' म्हणून माणसाला बोलावून घ्यायचं. त्याच्या स्वतःच्या थोरामोठ्यांमध्ये त्याला बसवायचं, पाण्याचा वाडगा हाताशी ठेवायचा, आणि मग घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसानं तोंड उघडायचं. परक्या ठिकाणी, एकट्या माणसाच्या डोक्यात असला दगड घालणं पाप. असं लहानपणापासून ऐकलंय, पाहिलंय. कनिशायनंही पाहिलंय.

तास उलटायच्या आत सगळ्या कारखान्याला कळलं होतं, आणि सगळ्यांची मशीनं चालू होती. चोल्पोन मोठ्यानं म्हणाली, "कनिशाय, जा गं, चार दिवस जाऊन ये. आईला बरं नाही म्हणे."

"पुन्हा?" कनिशायनं पायही उचलला नाही मशीनवरून. "आमच्या आपांना दर हिवाळ्यात एकदा मरायचंच असतं. यंदा झाडावर बर्फ आहे, म्हणून घराच्या छपरावर चढली असेल."

आम्ही हसलो. न हसून काय करणार होतो?

"जा म्हटलं ना. सागिन तिकिटं काढतोय. विमानाची."

"विमानाची? आमच्या ह्यांना ऊन लागलंय का थंडीत?" ती माझ्याकडे वळली. मी तिच्याहून मोठी, म्हणून ती मला एजे म्हणते. "एजे, परवा माल द्यायचाय आणि ही बाई मला घालवतेय. काय झालंय काय आज सगळ्यांना?"

"तुझी कटकट चार दिवस ऐकायला नको, म्हणून," मी म्हटलं.

"मग रडाल माझ्यावाचून," ती म्हणाली आणि कॉलर पूर्ण करूनच उठली.

पुढचं मला कनिशाय आणि सागिन, दोघांनीही सांगितलं. दोघांनी वेगवेगळं.

घरी सासूनं पिशवी भरून ठेवलेली. वर बोरसोकांचं, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं गाठोडं, खाली काळपट निळा, साधा, जाड कपडा. कनिशायनं तो बाहेर काढला. "हे कशाला? आईला माझा फुलाफुलांचा आवडतो. तो घालून जाते."

"तो अंगात घाल. हा असू दे. तिकडं गार आहे," सासू म्हणाली आणि तिनं तो पुन्हा तळाशी कोंबला. सून निघताना सासूनं तिला जवळ घेतलं, आणि सोडायला जरा उशीर केला. कनिशायला चमत्कारिक वाटलं. ह्या दोघी एकमेकींना जवळ घेणाऱ्यांतल्या नव्हेत.

तिनं वाटेतून माहेरी फोन लावला. भावजयीनं उचलला. "इंजेक्शन दिलंय, झोपल्यात."

"एवढा गलका कसला?"

"शेजारी बघायला आलेत."

"सगळं गाव?"

"आपांना माणसं आवडतात, माहीत नाही का तुम्हाला," भावजय म्हणाली आणि फोन ठेवला.

"तुला काही वाटलं नाही?" मी नंतर तिला विचारलं.

"वाटलं तर. वाटणारच. पण एजे, आईनं मला इतक्यांदा रडवत नेलं होतं की ह्या वेळी मी आधी रडायचंच नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, पोचल्यावर भांडेन."

सागिनला मात्र सगळं माहीत होतं, वेळेसकट. कनिशायचे वडील केव्हाच वारले. घरात थोरले म्हणजे तिचे काका, आशिरबाय. त्यांनी जावयाला फोनवर सांगितलं होतं, "मुल्ला म्हणतोय दुपारीच मयत उचला. मी अडवून धरलंय. म्हटलं, पोरगी चाळीस मिनिटांवर आहे, तिनं तोंड बघितल्याशिवाय नेऊ द्यायचो नाही. तिसऱ्या प्रहराच्या नमाजापर्यंत थांबतो. त्यापुढं माझं चालणार नाही. आणि जावईबापू, तोंड बंद. पोरीला आम्ही सांगू."

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. घरातून नेलं की बाईच्या दृष्टीनं संपलं. तोंड बघायचं ते घरात, त्याच्या आधी.

विमानतळावर पोचले तर समोर काही नाही. खिडक्यांबाहेर नुसतं दूध. बिश्केकचं हिवाळ्यातलं धुकं असंच, जमिनीला चिकटून बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. दुपारच्या विमानाची माणसं गाठोड्यांवर, पेट्यांवर बसून होती. दर थोड्या वेळानं कर्ण्यावरून बाई सांगायची, उड्डाणाला उशीर आहे. जणू हे कोणाला दिसत नव्हतं.

सागिननं घाटाची चौकशी केली. हिमकडा कोसळला होता, रस्ता बंद.

"घाटानं कशाला जायचं? तिकिटं आहेत की," कनिशाय संत्रं सोलत म्हणाली. एक फोड तिनं त्याच्यापुढं धरली. त्यानं मान हलवली. "अहो, तोंड बघा जरा तुमचं. सासू आजारी पडली म्हणून इतका वाळलेला जावई मी पहिल्यांदाच बघतेय. इतरांचे जावई मनातल्या मनात नाचतात."

"डोकं दुखतंय."

"दुखणारच. विमानाची तिकिटं काढलीत. जन्मात पहिल्यांदा."

सागिन मला म्हणाला, ती अशी बोलत होती आणि मला वाटत होतं, बोलू दे, बोलू दे, जेवढं हसायचं तेवढं आत्ताच हसून घेऊ दे. आणि खिडकीकडे बघत होतो. धुक्याला शिव्या देता येत नाहीत. काय म्हणून देणार?

दुपार कलताना धुकं जरा विरलं. पलीकडची झाडं दिसायला लागली. माणसं उठली, गाठोडी खांद्याला लागली. तेवढ्यात तिकिटांच्या खिडकीमागची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, मोठं विमान अल्माटीला अडकलंय, छोटं आलंय. काही लोकांना संध्याकाळच्या विमानानं जावं लागेल. मागाहून आलेल्यांची नावं तिनं वाचली.

त्या नावांत एक तरुण बाई होती. बरोबर तिचे सासरे आणि मांडीवर दोन-अडीच वर्षांचं पोर. पोराच्या छातीवर कपड्यातूनही कळेल एवढी पट्टी. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्याच सकाळी घरी सोडलेलं. पोर रडायलाही थकलं होतं, नुसतं तोंड उघडायचं. ती बाई कोणाशी भांडली नाही. तिकिटांची मुलगी म्हणाली, "कोणी दोन जागा देणार आहे का? ज्यांना घाई नाही त्यांनी. संध्याकाळी नक्की पाठवते."

लगेच जो तो आपली घाई सांगायला लागला. एकाला कोर्टाची तारीख. एकीच्या भाचीचं लग्न. एक म्हातारे टोपी सावरत म्हणाले, "माझ्या नातवाची सुन्नत आहे."

"आजोबा, सुन्नत तुमची आहे का?" कनिशाय म्हणाली. "नातू आहे ना तिथं? मग होईल की."

सगळे हसले, म्हातारेही हसले. पण रांगेतून कोणी हललं नाही. तेव्हा कनिशायनं पिशवी उचलली आणि बाजूला झाली. "घ्या हो, आमच्या दोन घ्या. आम्ही संध्याकाळी जाऊ."

सागिननं तिची बाही धरली. "नको."

"काय नको?"

"आपली जागा आहे. आपण आधी आलोत."

"आहे म्हणून तर देता येते. नसती तर काय दिली असती?"

"कनिशाय, ऐक माझं. आईला..."

"आईला काय?"

सगळी रांग बघत होती. कोर्टाची तारीखवाला, सुन्नतवाले आजोबा, ती तरुण बाई. सागिन म्हणाला, "आईला वाट बघायला लागेल."

"बघू दे. मी ओळखते तिला. उशिरा गेले तर चार शिव्या जास्त पडतील, त्या मला पडतील. तुम्ही ह्या पोराकडे बघा."

"मी सांगतो म्हणून चल."

"का पण?" आता तिचा आवाज चढला. "कारण सांगा. तुमच्या घरचं कोणी असतं तर मी असं अडवलं असतं का? सर्दी-खोकला झालेल्या म्हातारीसाठी छाती फाडलेल्या पोराला इथं बसवून ठेवायचं? लाज नाही वाटत?"

कारण तीन शब्दांचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलं होतं, असं तो म्हणतो. मग त्याला दिसलं की आपण ते बोललो तर ही इथंच, ह्या फरशीवर कोसळणार, परक्या माणसांच्या पायांत. हिला धरायला तिच्या घरचं एकही माणूस नाही, पाणी द्यायला ओळखीची बाई नाही. आणि सगळे म्हणतील, ह्या जावयानं बायकोला तिची आई मेल्याचं बाजारात ओरडून सांगितलं. त्यानं मनात काकांचा आवाज ऐकला, तोंड बंद. मग त्याला असंही वाटलं की संध्याकाळपर्यंत थांबवतील ते, थांबवतील, शेवटी माणसंच आहेत. त्यानं बाही सोडली.

त्या तरुण बाईनं तिथंच दोन्ही तळवे पुढं केले आणि दुवा दिली, "एजे, तुमच्या आईला शंभर वर्षं आयुष्य मिळो. तुम्ही पोचाल तेव्हा ती दारात उभी असो."

"आमीन," कनिशाय म्हणाली आणि तिनं चेहऱ्यावरून हात फिरवले. दुवा ऐकल्यावर हात फिरवावेच लागतात. सागिननंही फिरवले.

मग तो बाहेर जाऊन उभा राहिला आणि त्यानं काकांना फोन लावला.

"बसलात विमानात?" काकांनी आधी तेच विचारलं.

"नाही, काका. ते... जागा..."

"काय? मोठ्यानं बोला, इथं गाव जमलंय."

"धुकं आहे," सागिन म्हणाला.

"अजून? अहो, चाळीस मिनिटांचं तर काम!"

"संध्याकाळी आहे विमान. काका, उद्यापर्यंत थांबवा. आमच्या इकडे थांबवतात, तीन-तीन दिवस थांबवतात."

"तुमच्या इकडे थांबवतात. इथं मुल्ला सकाळपासून माझ्या डोक्यावर बसलाय. कबर खणून झालीय, जेवण शिजतंय, माणसं शेतं-दुकानं टाकून उभी आहेत. मी कितीदा सांगू पोरगी येतेय म्हणून?"

"मग मी तिला सांगतो. निदान इथून तरी..."

"खबरदार! आई मेल्याची बातमी, ती विमानाच्या अड्ड्यावर? तिचं कोण आहे तिथं?"

"मी आहे की."

"तुम्ही जावई," काका म्हणाले. ते वाईट माणूस नव्हेत. पुढं त्यांचा आवाज मऊ झाला. "बसलात की कळवा. जमेल तेवढं ओढतो."

सागिन आत आला तेव्हा कनिशाय काचेला नाक लावून उभी होती. छोटं विमान धावलं, वर गेलं, करड्या ढगात शिरलं. "गेलं बघा पोर," ती म्हणाली. ती खूश होती. तिनं बोरसोकांचं गाठोडं सोडलं आणि त्याला खायला लावलं. तो खात होता. तिनं माहेरी पुन्हा फोन लावला, कोणी उचलला नाही. "फोनही उचलायला नाही कोणी. सगळे आपांचं कौतुक करत बसलेत." मग म्हणाली, "चहा तरी आणा."

चहाच्या यंत्रापाशी त्याचा फोन वाजला. मेव्हणा होता, तुराट. एवढंच म्हणाला, "दाजी, नेलं."

सागिन दोन कागदी पेले हातात घेऊन तिथंच उभा राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "सरका हो बाजूला." तो सरकला. आता घाई करायला काही उरलं नव्हतं आणि तरी परत तिच्याकडेच जायचं होतं.

"चहा आणायला गेला होतात की चहाचं झाड लावायला?" कनिशाय म्हणाली. पेला हातात घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "गार झालाय."

"दुसरा आणतो."

"राहू दे, बसा." तो बसला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. मग झालंय काय तुम्हाला?" त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला झोप आली असेल असं वाटून तिनं आपला खांदा पुढं केला, आणि तो संध्याकाळच्या विमानाची वेळ होईपर्यंत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपेचं सोंग घेऊन बसला. हे तिनं मला सांगितलं. त्यानं नाही.

संध्याकाळचं विमान वेळेवर निघालं. ओशला उतरले तेव्हा अंधार पडला होता. शेजारचा एक माणूस गाडी घेऊन आला होता. तुराट का आला नाही, असं कनिशायनं विचारलं. आपांपाशी बसलाय, असं तो म्हणाला. गावात शिरल्यावर उंच झाडांच्या रांगेपाशी माहेरचा रस्ता डावीकडे फुटतो. गाडी वळली नाही. सरळ गेली.

"इकडे कुठं?"

"आशिरबाय काकांनी आधी चहाला बोलावलंय."

कनिशायनं मागं सुटलेल्या झाडांकडे वळून बघितलं. कॉलेजात असताना तिनं स्वतः त्याच काकांच्या घरात, रशियातून आलेल्या एका शेजाऱ्याच्या पोराला रात्री चहा ओतून दिला होता, आणि त्याच्या बापाला बरं आहे असं हसून सांगितलं होतं. तो बाप त्याआधी दोन दिवस मातीत गेला होता. तिला त्या पोराचं जेवणं आठवलं. फार भूक लागल्यासारखा जेवला होता.

तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि हात तळाशी घातला. जाड कपडा हाताला लागला. सागिन म्हणतो, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बघावं म्हणून मी तिच्याकडे बघत होतो, पण तिनं बघितलं नाही.

काकांच्या घरी ती आधी आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती काळपट निळ्या, सुतकाच्या कपड्यात. काकांनी पाहिलं. काकूंनी पाहिलं. तिला कळलंय हे सगळ्यांना कळलं. तरी कोणी तोंड उघडलं नाही. ते सकाळी, सगळे थोर जमल्यावर उघडायचं असतं. काकूंनी चहा ओतला. काकांनी विचारलं, "मुलं बरी आहेत?" ती म्हणाली, "बरी आहेत." "शिकतायत?" "शिकतायत." "धुकं फार होतं म्हणे." "फार होतं," कनिशाय म्हणाली. काकूंनी पुढं ठेवलेलं मांस तिनं खाल्लं, सगळं.

"का खाल्लंस?" मी विचारलं.

"काकू दिवसभर उभ्या होत्या, एजे. नाही खाल्लं असतं तर त्यांना तेव्हाच सांगावं लागलं असतं. सगळे इतके दमले होते."

सकाळी गावातले पांढऱ्या दाढ्यांचे चार जण आले, बसले. पाण्याचा वाडगा ठेवला. सगळ्यांत वयस्कानं सुरुवात केली, राजेही गेले, पीरही गेले, मातीचं मातीला द्यावं लागतं. आणि मग तिच्या आईचं नाव घेतलं. कनिशायनं ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. काका रडत म्हणाले, "धुक्यानं घात केला, पोरी. फार ओढलं मी. तू चाळीस मिनिटांवर होतीस." जागा दिल्याचं तिथं दोघांनाच माहीत होतं. दोघंही बोलले नाहीत.

मग तिला माहेरी नेलं. अंगणात लोकरीच्या राखी नमद्याचा तंबू उभारलेला, आत बायका. बाहेर भाऊ आणि चुलतभाऊ काठ्यांवर वाकून उभे. सागिन जाऊन त्यांच्या रांगेत उभा राहिला. जावयाची जागा शेवटी. लेकीनं आत जायचं, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि आईला आळवून रडायचं. मुल्लाला ते आवडत नाही, पण त्याचं तेवढं कोणी ऐकत नाही. शब्द ज्याचे त्याचे असतात, तरी काही ओळी ठरलेल्या. आईनं काय शिजवलं, काय शिवलं, कुणाला काय दिलं, ते सगळं कनिशायनं म्हटलं. बोलण्यात तिचा हात कोण धरणार? झाडावर चढलेली आईही तिनं त्यात आणली, आणि बायका रडता रडता हसल्या. मग ती ओळ आली. दुरून येणारी प्रत्येक लेक ती म्हणते.

"वाऱ्याच्या आधी धावले, वाटेत पाय टेकला नाही, असं म्हणायचं असतं," कनिशाय मला सांगत होती. कामावर परत येऊन तिला आठवडा झाला होता. हातात कॉलर होती, मशीन बंद. "म्हणायला गेले, एजे. तोंड उघडलं. आणि येईना. पाय टेकला होता की मी. टेकून संत्रं खात बसले होते. बायका वाट बघायला लागल्या. बाजूची मावशी मला हळूच ती ओळ सांगायला लागली, तिला वाटलं मी विसरले."

"मग?"

"मग बाहेरून ह्यांचा आवाज आला. 'आई गं!' म्हणून. एवढा मोठा की आतल्या बायका दचकल्या. माझ्या भावांचेही आवाज त्याखाली दबले. थांबेचनात. जावई कधी असं रडतात का? दोन माणसांनी काखेत हात घालून धरलं त्यांना. सगळं गाव म्हणत होतं, सासूवर काय जीव होता हो ह्याचा." तिनं दातानं धागा तोडला. "आणि त्या गलक्यात माझी ओळ राहून गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही."

मी हातातली बाही बाजूला ठेवली.

"आदल्या दिवशी विमानतळावर ह्यांना एक शब्द फुटला नव्हता," ती म्हणाली. "आणि तेव्हा गळा फुटला."

"तुझ्यासाठीच ओरडला असेल गं तो. तुझं अडलंय हे कळलं असेल त्याला."

"माहीत आहे मला." तिनं कॉलर मशीनच्या दाताखाली सारली, सुईशी जुळवली, पुन्हा काढली. "घरी येऊन त्यांनाही विचारलं नाही मी काही. काय विचारू? सांगितलं असतंत तर मी जागा दिली नसती, असं म्हणू? मग त्या पोराचं काय? नाही सांगितलंत ते बरं केलंत, म्हणू? तेही येत नाही तोंडून. परवा रात्री भाकरी वाढताना म्हटलं, आता बोलावं. तर तेच म्हणाले, 'मीठ कमी आहे का?' म्हटलं, नाही, बरोबर आहे."

दारात गाडीचा आवाज झाला. सागिन माल न्यायला आला होता. तो आत आला, गठ्ठे मोजायला लागला, आणि कनिशायनं मशीन चालू केलं.